'काउंटी'ला परगणा म्हणावे का?

प्रश्न असा आहे : मध्ययुगीन जर्मनीवरचा लेख मराठीत आणताना 'काउंटी ऑफ कात्सेनेल्नबोगन' असे नाव आले, तर 'कात्सेनेल्नबोगन परगणा' चालेल का? आणि तिथला 'ग्राफ' (इंग्रजीत 'काउंट') म्हणजे जहागीरदार का?

'परगणा' नको. परगणा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी राज्यातला, वसुलीसाठी पाडलेला भाग. कात्सेनेल्नबोगनचे तसे नव्हते. नुसते 'काउंटी' ठेवले तर आपल्या वाचकाला आधी क्रिकेट आठवते.

जहागीरदाराचे उत्तर काळ पाहून द्यावे लागते. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या वेळी, म्हणजे इ. स. ८००च्या सुमारास, ग्राफ हा राजाने नेमलेला अंमलदार. निवाडे करायचे, फौज जमवायची, हे त्याचे काम. पुढे हे पद वंशपरंपरेने चालू लागले आणि घराणी आपापल्या किल्ल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पेशव्यांचे सरंजामदार पटवर्धन पुढे संस्थानिक झाले, तशीच काहीशी ही वाटचाल. म्हणून तेराव्या शतकापासून पुढे मी 'संस्थान' हाच शब्द वापरेन.

या घराण्याचा कारभारही तेच सांगतो. १२४५मध्ये त्यांनी ऱ्हाइनकाठी झांक्ट गोअरला ऱ्हाइनफेल्स किल्ला बांधला आणि नदीतून जाणाऱ्या मालावर जकात बसवली. त्या जकातीला वैतागून १२५५-५६मध्ये ऱ्हाइनकाठच्या शहरांच्या संघाने किल्ल्याला वेढा दिला. किल्ला पडला नाही. या घराण्याच्या हिशेबवह्या तर फार मोलाच्या आहेत : १३ मार्च १४३५ची रुसेल्सहाइमची एक नोंद द्राक्षमळ्यात लावायला घेतलेल्या रीसलिंगच्या रोपांची, किंमत २२ शिलिंग. या जातीच्या द्राक्षाचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख मानतात.

१२६०च्या सुमारास दोघा भावांत वाटणी झाली. इतिहासकार इथे 'थोरली शाखा', 'धाकटी शाखा' लिहितात. आपल्याकडे मिरज संस्थानामुळे 'थोरली पाती', 'धाकटी पाती' हे नेमके शब्द तयार आहेत, ते खुशाल वापरा. दोन्ही पात्या आपसातल्या लग्नामुळे १४०२मध्ये पुन्हा एक झाल्या.

१४७९मध्ये काउंट फिलिप वारला. मागे मुलगा नव्हता. मुलगी आना हेस्सेच्या लांडग्राफाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, दिलेली, त्यामुळे मुलूख हेस्सेकडे गेला. नासाऊ घराण्यानेही हक्क सांगितला आणि तंटा १५५७पर्यंत चालला. शेवटी मुलूख हेस्सेकडे राहिला, नासाऊला पैसा मिळाला, आणि 'कात्सेनेल्नबोगनचा काउंट' हे बिरुद दोघेही लावत राहिले.

तेव्हा 'कात्सेनेल्नबोगन संस्थान' आणि 'काउंट' असे लिहा. एकट्या 'ग्राफ'ने आलेखाचा घोटाळा होतो. 'लांडग्राफ', 'मार्कग्राफ' मात्र तसेच ठेवा. मार्कग्राफ मुळात सरहद्दीचा रक्षक, आणि लांडग्राफावर मध्ये कुणी ड्यूक नसे, तो थेट राजाखाली. दोघांनाही सरसकट 'काउंट' केले तर हा फरक वाचकाला कधीच कळणार नाही.