वाचकांचे प्रश्न : नेट नसलेला संगणक

प्रश्न : इंटरनेट अजिबात नसलेल्या संगणकावर डेबियन लिनक्स बसवले, तर नवे सॉफ्टवेअर कसे घालायचे?

उत्तर : आधी इमेज, म्हणजे डेबियन बसवण्याची फाइल, नीट निवडा. 'नेटइन्स्ट' छोटी असते, पण बाकीची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) नेटवरूनच ओढते. तुम्हाला पहिली डीव्हीडी इमेज हवी. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. २०२३ मधल्या १२व्या आवृत्तीपासून फर्मवेअरही (वाय-फायसारखे भाग चालायला लागणारे सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच येते, ही मोठीच सोय.

डीव्हीडीवर नसलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावरून आणावे लागते. बहुतेकांची गाडी इथेच अडते : एकच 'डेब' फाइल (डेबियनचे पॅकेज) आणतात आणि ती बसवणारी 'डीपीकेजी' ही आज्ञा अवलंबित्वाची तक्रार करते. ती बिचारी लागणारी इतर पॅकेजेस स्वतः शोधत नाही. म्हणून डेबियनची तीच आवृत्ती आणि तेच आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) धरून मूळ पॅकेजसोबत त्याला लागणारी सगळी पॅकेजेस उतरवा, एका फोल्डरमध्ये ठेवा आणि एकाच आज्ञेत बसवा. हे हाताने करणे कंटाळवाणे आहे. 'एपीटी-ऑफलाइन' हे साधन काय काय उतरवायचे त्याची यादी बनवून देते.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. नेट नसल्याने वेळ आपोआप जुळत नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली असेल तर बंद करून वीज काढल्यावर तारीख मागे जाते.