जर्मनीत राज्य आणि जिल्हा यांच्यामधले ‘रेगिरुंग्सबेझिर्क’ (प्रशासकीय विभाग) चारच राज्यांत का आहेत?

कारण ही पातळी ठेवायची की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. सध्या ती बव्हेरिया (७ विभाग), नॉर्थ राईन-वेस्टफालिया (५), बाडेन-व्युर्टेंबर्ग (४) आणि हेसेन (३) इथे आहे.

याचं मूळ प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात. नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर तिथे कारभाराची फेरमांडणी झाली आणि १८१५ नंतर सगळ्या प्रांतांचे असे विभाग पाडले गेले. बव्हेरियाची गंमत वेगळी. माँटगेलास या मंत्र्याने १८०८ मध्ये फ्रेंच धर्तीवर विभागांना नद्यांची नावं दिली: इझारक्राईस, रेगेनक्राईस वगैरे. राजा लुडविग पहिला याला इतिहासाचं भारी वेड. त्याने १८३८ पासून ती पुसून ओबरबायर्न, मिटेलफ्रांकेन अशी जुनी ओळख सांगणारी नावं आणली. तीच आजही चालतात. शिवाय बव्हेरियातल्या विभागांना निवडून आलेली सभाही असते, बाकीच्या तिघांत असं नाही.

पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये राज्यंच मोडीत काढून १४ बेझिर्क (विभाग) केले. १९९० मध्ये राज्यं परत आली. पुढे खर्च आणि कागदी घोडे कमी करायचे म्हणून ऱ्हाईनलँड-फाल्झ (२०००), साक्सेन-आनहाल्ट (२००३ अखेर) आणि नीडरसाक्सेन (२००४ अखेर) यांनी आपापले रेगिरुंग्सबेझिर्क बंद केले. कामं काही संपली नाहीत, ती वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेली.