बीबॉपच्या (१९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझ शैलीच्या) फ्रेजेस मॉडर्न बँडमध्ये जुनाट वाटतात, मग बीबॉप सोडून द्यायचं का?

अजिबात सोडू नका. तुम्ही लिहिलंय की बीबॉपचा मोठा सॅक्सवादक चार्ली पार्करचे सोलो सॅक्सवर बसवलेत, पण बँड एकाच कॉर्डवर किंवा सातच्या तालात वाजवायला लागला की तेच तुकडे आणून चिकटवल्यासारखे वाटतात. मी ठाण्यात गिटार वाजवतो, इथे जॅमला येणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच होतं, कारण नोट्स पाठ होतात पण लाइन (सुरावट) कुठे पोचायला निघालीये तिकडे लक्षच नसतं.

जी सेव्हन कॉर्डवर (जी, बी, डी, एफ) सरळ एट्थ नोट्समध्ये, म्हणजे एका बीटला दोन स्वर धरून, खाली या: जी, एफ शार्प, एफ, ई, डी, सी, बी. एफ शार्प कॉर्डचा नाहीये, पण तो मधे घातल्यामुळे जी, एफ, डी, बी हे कॉर्डचे चारही स्वर बरोबर बीटवर पडतात. बीबॉपची खरी करामत ही आहे, नुसता स्पीड नाही.

आता हेच सातमध्ये, ३-२-२ असे गट करून वाजवा (रूपक ताल अंगात असेल तर फारच सोपं). एफ शार्प ठेवलात तर गटांच्या सुरुवातीला जी, ई, सी येतात आणि लाइन लगेच ढिली पडते. तो काढून टाका: जी एफ ई, डी सी, बी ए. आता गटांच्या सुरुवातीला जी, डी, बी, सगळे कॉर्डचेच! म्हणजे नियम तोच, फक्त तालाप्रमाणे स्वर घालायचा की काढायचा ते ठरवायचं.

एकाच कॉर्डवर अडकत असाल तर माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' घ्या, १६ बार डी डोरियन (डीपासून डीपर्यंत सगळे पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर), ८ बार ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी. बदलत्या कॉर्ड नाहीतच, मग तुम्ही मनातल्या मनात एक बार ए सेव्हन (डी मायनरकडे ओढणारी कॉर्ड) धरा, त्याची बीबॉप लाइन वाजवा आणि पुढच्या बारला डी मायनरवर या, खाली बँड डी मायनरवरच असतो म्हणून मस्त ताण येतो. फक्त येताना एफवर थांबू नका, तिथेच जुना वास येतो, नाइन्थवर (डीपासून नववा स्वर, म्हणजे ई) थांबा: एफ, डी शार्प, ई.

आणि ॲक्सेंट! पार्करचं १९४५ चं 'को-को' ऐका, टेम्पो तुफान आहे तरी फ्रेज कुठेही सुरू होते, कुठेही तुटते, जोर कधी बीटवर कधी मधेच. नुसत्या नोटेशनवरून हे कळत नाही हो, रेकॉर्डिंग स्लो करून आधी तोंडाने म्हणायलाच लागतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर बोटांनी ३-२-२ धरून गुणगुणा, कुणाला कळत पण नाही. तोंडाने ॲक्सेंटसकट आलं की मगच सॅक्स हातात घ्या.