तो सहा टक्क्यांचा आकडा बाजूला ठेव

म्हापसा, गोवा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अहवाल वाचला. वेर्ण्याच्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामासाठीच्या निधीचं, काम हाती आलं आणि समितीपुढे पहिलाच प्रस्ताव आला तो एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेचा. तोही दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांचा. अशा कामाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नाहीच म्हण असं मी सांगतही नाही. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य खटकलं. ‘प्रशासकीय खर्च सहाच टक्के आहे, म्हणजे संस्था चांगली दिसते, नाही का सर?’ माझ्याकडे आर्टिकलशिप करून, म्हणजे सीएची उमेदवारी करून, हिशेब तपासायला शिकलेल्या मुलीने एवढ्यावर समाधान मानू नये.

टक्केवारी म्हणजे भागाकार. छेद फुगला की ती आपसूक उतरते. समज, एका संस्थेकडे वर्षाला १० कोटी रोख येतात आणि त्यातले ३ कोटी कार्यालय, पगार, देणग्या गोळा करणं यावर जातात. झाले ३० टक्के. त्याच वर्षी एका औषध कंपनीने तिला गोळ्या दिल्या आणि संस्थेने त्यांची किंमत हिशेबात ९० कोटी लावली. आता एकूण १०० कोटी आणि प्रशासन ३ टक्के! कारभार होता तसाच आहे. हे मी कल्पनेने लिहीत नाही. अमेरिकेतल्या काही मोठ्या संस्थांनी जंतांवरची मेबेंडाझोलची एक गोळी दहा डॉलरहून जास्त किमतीला धरल्याचं उघड झालं होतं, आणि आंतरराष्ट्रीय बाजारात तीच गोळी काही सेंटना मिळत होती. म्हणून लेख्यांच्या मागच्या टिपा आधी वाच. वस्तुरूप देणग्या किती, त्यांची किंमत कोणत्या बाजाराच्या दराने लावली, ते शोध. त्या बाजूला काढून फक्त रोखीवर पुन्हा भागाकार कर. सहाचे किती होतात ते मला कळव.

आपल्याकडे आणखी एक ताण आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यावरही बंदी आली. मर्यादा एवढी आवळली की कुठला खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा याची कसरत सुरू होते. त्यातली बरीचशी नियमात बसणारी असते, उदाहरणार्थ रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार प्रशासनात धरला जात नाही. म्हणून एफसी-४ या परदेशी निधीच्या वार्षिक विवरणपत्राची प्रत मागून घे आणि लेखापरीक्षित हिशेबाशी ताडून पाहा. मूळ संस्था अमेरिकेतली असेल तर तिचं फॉर्म ९९०, म्हणजे तिथल्या कर खात्याला द्यायचं वार्षिक विवरण, सगळ्यांना पाहता येतं. त्यात कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी संकलन असे तीन वेगळे रकाने असतात, वरच्या अधिकाऱ्यांचे पगारही असतात. ब्रिटनमधली असेल तर तिकडच्या चॅरिटी कमिशनकडे लेखे मिळतात. हे दोन तासांचं काम आहे, यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

खरं तर कमी प्रशासकीय खर्चाची मला काळजीच वाटते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी आईला फोन करून ‘बाळ काय खातं, काय बोलतं’ विचारणारी नर्स, नोंदवह्या तपासणारा माणूस, यांचे पगार काही संस्थांत याच रकान्यात टाकले जातात आणि काटछाट करताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. गाईडस्टार (आता कॅन्डिड), चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्था देणगीदारांना धर्मादाय संस्थांची माहिती पुरवतात. त्यांनीच २०१३ मध्ये जाहीर पत्र काढून सांगितलं की केवळ या एका टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका.

आता शस्त्रक्रियांच्या आकड्याकडे ये. अहवालात म्हटलंय, गोव्यात वर्षभरात २४० शस्त्रक्रिया. पेन घे. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. गोव्यात वर्षाला २०,००० जन्म धरले तरी अशी बाळं होतात २८-२९. ओठ आणि टाळूच्या वेगवेगळ्या शस्त्रक्रिया धर, एखाद्याची पुन्हा करावी लागली असं धर, तरी साठ-सत्तरच्या पुढे गाडी जात नाही. मग २४० कुठून आल्या? अहवाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारचे रुग्ण गोव्यात येतातच. मोठ्या वयाच्या, आधी राहून गेलेल्या रुग्णांच्याही शस्त्रक्रिया असतील. पण मग रुग्णांची यादी नावं झाकून मागव: तालुका, वय, कोणती शस्त्रक्रिया, पहिली की दुसरी. त्या यादीतला वयाचा रकाना सगळ्यात बोलका असतो. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत होते. यादीत आठ-दहा वर्षांची मुलं पहिल्यांदा टाळू शिवून घ्यायला आलेली दिसली, तर संस्था खरोखर राहून गेलेल्यांपर्यंत पोचते आहे. सगळी बाळं वेळच्या वेळी आलेली दिसली, तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न मोलाचा आहे: ही संस्था नसती तर या बाळाचं काय झालं असतं?

गोव्यात या प्रश्नाला फार धार आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. २०१६ पासून राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षांहून जास्त काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला, तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि त्याहून मोठं असेल तर चार लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. म्हणजे डिचोलीतल्या एखाद्या बाळाची शस्त्रक्रिया तुमच्या पैशाने झाली, तर तेवढा सरकारचा खर्च वाचला, बाळाला मात्र तसा फरक पडला नाही. ते तसंही बरं झालंच असतं. अहवालात मात्र ते ‘बदललेलं आयुष्य’ म्हणून मोजलं जातं.

आता तुझ्याच कारखान्याजवळ, झुआरीनगरात बघ. भाड्याच्या खोलीत राहणारं बांधकाम मजुराचं कुटुंब, कर्नाटकातल्या कोप्पळहून येऊन दोन वर्षं झालेली. योजनेच्या कार्डाला ते पात्र नाही. टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावर पिता येत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. वजन वाढत नाही, आणि वजन नाही म्हणून डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. त्या आईला आधी हवी असते वेगळ्या बोंडाची बाटली, बाळाला कसं धरून पाजायचं ते दाखवणारी बाई, आणि बांबोळीच्या प्रत्येक खेपेला बुडणाऱ्या रोजाची भरपाई. शस्त्रक्रियेनंतर वाचा-उपचार हवेत, कारण टाळू शिवला म्हणजे बोलणं आपोआप सुधारतं असं नाही. या प्रस्तावात दर शस्त्रक्रियेमागे रुग्णालयाला द्यायची रक्कम आहे, वर सांगितलेल्यातलं एकही कलम नाही. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण पैसा आहे, माणसं प्रामाणिक असतील, आणि तरी ज्या बाळाला त्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच्यापर्यंत तो पोचणार नाही.

चांगलं मोजमाप कसं असतं ते पाहायला लांब जायला नको. मिशन रेबीज ही मूळची ब्रिटनमधली संस्था गोव्यात राज्य सरकारच्या पशुसंवर्धन खात्याबरोबर काम करते. जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणारी तिची माणसं तू पाहिली असशील. कुत्र्याला लस टोचली की त्याच्या अंगावर रंगाची खूण करतात आणि मोबाइलवर जागेसह नोंद टाकतात. त्यानंतर त्याच वाटांनी फिरून खूण असलेले किती, नसलेले किती, हे मोजलं जातं. आम्ही इतक्या लशी टोचल्या एवढं सांगून ते थांबत नाहीत, शंभरातले किती कुत्रे सुटले तेही त्यांना कळतं. २०१३ ते २०१९ या काळावरचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. वर्षाला ९५,००० हून जास्त कुत्रे, ७० टक्के लसीकरण, कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक प्रमाणात ९२ टक्के घट, आणि त्या काळाच्या अखेरीस माणसांचे मृत्यू थांबले. आजाराने किंवा अकाली मरणाने वाया जाणारं निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला ५२६ डॉलर लागले, असा हिशेब त्यांनी मांडला. बघ, लशींपासून माणसाच्या जिवापर्यंतची साखळी इथे कडीला कडी जोडून दाखवली आहे. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवून वाच. अभ्यासाच्या लेखकांत संस्थेची स्वतःची माणसं आहेत. आणि सरकारी खातं बरोबर होतं, म्हणजे सगळं श्रेय एकाच्या नावावर टाकता येत नाही. मला स्वतःला तो अभ्यास पटतो.

दुसरं उदाहरण पर्वरीच्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी मदत करायची, असा प्रयोग त्यांनी गोव्यात केला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. सरकारी आरोग्य केंद्रांत जास्त रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, कारण तिथले तुलनेसाठी घेतलेले रुग्णही तितकेच बरे होत होते. काम तेच, राज्य तेच, मात्र एका ठिकाणी उपयोग झाला, दुसरीकडे नाही. तुलनेला कोणी घेतलंच नसतं तर खासगी दवाखान्यांतलं यशही आपल्याच खात्यावर जमा झालं असतं. तुझ्या संस्थेच्या अहवालात तुलना कुठेच नाही. फोटो मात्र २२ पानं आहेत. (त्या मुलांच्या आईवडिलांची लेखी संमती घेतली होती का, तेही विचार.)

संस्था चांगली असूनही पैसा आत्ता देऊ नये, असंही होतं. मलेरियासाठी मच्छरदाण्या वाटणारी अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही गिव्हवेल या मूल्यमापन संस्थेची आवडती. तरी २०१३ च्या अखेरीस गिव्हवेलने तिची शिफारस थांबवली, कारण आधीचाच पैसा वाटपाचे करार व्हायचे म्हणून पडून होता. पुढच्या वर्षी करार झाले, शिफारस परत आली. तेव्हा तुझ्या संस्थेची शिल्लक पाहा. वर्षभराच्या खर्चाइतकी गंगाजळी हवीच, त्याला नाक मुरडू नकोस. पण तीन-चार वर्षांचा खर्च बँकेत असेल, तर तुमची कंपनी देणार असलेल्या ४० लाखांनी नेमकं काय वाढणार ते त्यांनी सांगायला हवं.

आणि त्यांना विचार, कुठला कार्यक्रम चालला नाही म्हणून बंद केलात? शाळांमधल्या जंतनाशक मोहिमांना मदत करणाऱ्या एव्हिडन्स अॅक्शनने बांगलादेशातला एक मोठा कार्यक्रम २०१९ मध्ये बंद केला, कारण मोठ्या प्रमाणावर केल्यावर तो परिणाम दाखवेना. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. अशा संस्थेच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास वाढतो. ‘आमचं सगळंच यशस्वी’ म्हणणाऱ्यांचा अहवाल मी दुप्पट सावधपणे वाचतो.

विचारायला संकोच नको. देवळाच्या महाजनांच्या सभेत जत्रेच्या मंडपाचं बिल धरून लोक तासभर विचारणा करतात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही, तितक्याच मोकळेपणाने इथे विचार. संस्था बरी असेल तर तिला असे प्रश्न आवडतात.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे म्हणतेस, म्हणजे वेळ आहे. या आठवड्यात संस्थेला मेल कर: रुग्णांची यादी, फक्त रोखीचा हिशेब, शिल्लक, शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात किती मुलं पुन्हा तपासणीला आली, आणि गोमेकॉत होऊ शकणाऱ्या रुग्णांना इथे का घेतलं. शेवटी लिही की कार्ड नसलेल्या स्थलांतरित कुटुंबांसाठी दूध पाजण्याचं मार्गदर्शन, प्रवास, रोजाची भरपाई आणि वाचा-उपचार असा सुधारित प्रस्ताव दिलात तर आम्ही आनंदाने विचार करू. त्याआधी एकदा बांबोळीला जाऊन त्या विभागातल्या डॉक्टरांना भेट. कोणती मुलं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मेलचा मसुदा आधी मला दाखव, आणि आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर