शेजारी म्हणतात, झाडं निम्मी करा

प्रश्न : आमच्या बागेत कुंपणालगत एक जांभूळ आणि दोन कडुनिंब आहेत. सासऱ्यांनी हाताने लावलेली, आता तीन मजली घराच्या वर गेलीत. शेजारचे काका गेल्या आठवड्यात येऊन म्हणाले, ‘‘झाडं निम्म्यावर आणा, गच्चीवरच्या सौर पॅनेलवर सावली येते, वादळात भीतीही वाटते.’’ माळी म्हणतो, शेंडे उडवून टाकू, एका दिवसाचं काम. ह्यांना ते अजिबात मान्य नाही. मला झाडंही हवीत आणि काकांशी वितुष्टही नको. काय करू?

उत्तर : ताई, माळ्याला आधी थांबवा. हे मी कळकळीने सांगते, कारण आमच्या दारचा कडुनिंब असाच गेला. शेजारच्या आजींनी विनंती केली म्हणून वडिलांनी भिडेखातर त्याचा शेंडा उडवला. पुढच्याच पावसाळ्यात प्रत्येक कापलेल्या ठोंबावर आठ-दहा धुमारे फुटले. तीन वर्षांत झाड पुन्हा जवळजवळ तेवढंच उंच झालं, फक्त आता ते जास्त दाट होतं. चौथ्या वर्षी वाऱ्यात त्यातला एक धुमारा मोडला आणि नेमका आजींच्या पत्र्यावर पडला. मी ती मोडलेली जागा हातात घेऊन पाहिली होती. धुमारा सालीलगतच्या पातळशा थराला चिकटलेला होता, आतलं लाकूड तपकिरी, बोटाने चुरा होईल असं. असे धुमारे सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून फुटतात, मूळच्या फांदीसारखे खोडात खोल रुजलेले नसतात. म्हणजे काकांना ज्याची भीती वाटते, तेच आपण शेंडा उडवून तयार करतो.

अमेरिकेतले वृक्षरोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज तपासली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत घालतं आणि पुढे वाढतं, ही त्यांची मांडणी 1977 साली प्रसिद्ध झाली. जाड फांदी मधेच कापली तर ती भिंत झाडाला नीट घालता येत नाही. कापावर डांबर किंवा रंग फासूनही कूज थांबत नाही, तो खर्च करू नका.

आता काकांकडे वळू. ‘निम्म्यावर आणा’ हा त्यांनी काढलेला उपाय आहे. त्यांची अडचण वेगळी आहे, ती आधी बघा. शक्यतो थंडीच्या दिवसांत, सूर्य खाली असतो आणि सावली लांब पडते तेव्हा, त्यांच्या गच्चीवर जा. सकाळी, दुपारी, चारच्या सुमाराला. सावलीची कड खडूने आखा. पॅनेलमधले सेल ओळीने एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातली सावलीसुद्धा बरीच वीज खाते. काकांची तक्रार खरी असू शकते, तिला नाक मुरडू नका. पण पुष्कळदा ती सावली दोन-तीन फांद्यांचीच निघते. त्या फांद्यांना रंगीत चिंध्या बांधा आणि गच्चीवर उभ्या असलेल्या काकांना विचारा, ‘‘काका, हीच ना?’’ त्यांनी ‘हो’ म्हटलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

मग जाणकार माणूस बोलवा. लांब फांदी आखूड करायची तर ती एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंतच कापायची. ती बाजूची फांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे पुढची वाढ ती सांभाळते. पूर्ण फांदी काढायची तर खोडाजवळ जो फुगीर, वळ्या पडलेला गळा दिसतो, त्याच्या जरा बाहेर कापायचं. गळ्यालाही धक्का नको आणि बाहेर खुंटही नको. जड फांदीला आधी वीतभर अंतरावर खालून खाच द्यायची, मग थोडं पुढे वरून कापायचं, उरलेला ठोंब शेवटी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. एका वेळी पाव भागाहून जास्त पालवी काढू देऊ नका. जवळून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला कळवल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका. बऱ्याच शहरांत फांद्या छाटायलाही स्थानिक संस्थेची परवानगी लागते, ती आधी घ्या.

पडण्याच्या भीतीचं म्हणाल, तर बुंध्याशी बघा : माती एका बाजूने उचललीय का, झाड अलीकडेच कललंय का, खोडावर अळंबी उगवलीय का. यातलं काही दिसलं तर तज्ज्ञाला दाखवा, आणि झाड काढायला सांगितलं तर मात्र सासऱ्यांची आठवण असली तरी काढा. यातलं काही नसेल तर वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवून घ्या.

खर्चाचं माझं मत विचाराल तर वाळक्या फांद्यांचा तुमचा, पॅनेलसाठीच्या छाटणीचा अर्धा-अर्धा. हे काम सुरू होण्याआधी बोला, नंतर नको. आणि चढण्यापूर्वी चिंध्या बांधलेल्या फांद्यांवर घरटं आहे का, ते पाहून घ्या. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायचं, आणि का थांबलोय ते काकांना त्याच दिवशी सांगायचं.