साताऱ्याचा अजिंक्यतारा, यवतेश्वर घाट पळत चढायला हलकं सॉफ्टशेल (मऊ, ताणणाऱ्या कापडाचं) जॅकेट कसं निवडावं?

थंडीतल्या पहाटेसाठी घेताय ना? मग आत मेम्ब्रेन (वारा-पाणी अडवणारा पातळ पडदा) नसलेलं, 300-350 ग्रॅमच्या आसपासचं बघा. मेम्ब्रेनवालं वारा पुरता अडवतं, पण चढाला लागलात की घाम आतच कोंडतो आणि माथ्यावर थांबलं की तोच घाम हुडहुडी भरवतो. दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारा, थोडी हवा पलीकडे जायलाच हवी. दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर माप चुकलं. काखेत स्ट्रेच हवाच, टोपी नसली तरी चालतं. कासच्या पावसात मात्र हे भिजणारच, तिथे शिवणींवर आतून टेप असलेलं रेनजॅकेट लागतं. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, पाणी झटकणारा थर निकामी होतो.