३४व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं आहे, घरच्यांना सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकाराचं, निदान होऊन दोन महिने झाले, नवऱ्याला अर्धवट माहीत आहे, बाकी कुणालाच नाही, तर सांगावं का. आणि औषध एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं का. औषधाचं शेवटी बोलते. तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य आलंय: 'आई म्हणते, ज्याची काळजी असते ते माणूस विसरत नाही.' मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. हेच वाक्य मी ऐकलं आहे, फार वाईट वेळी ऐकलं आहे, आणि ते खोटं आहे.

मी तेव्हा ३६ वर्षांची होते. बाबांचं औषधपाणी, तपासण्या, सगळं ताई बघायची. तिच्यावर फार भार पडतोय म्हणून मी आपणहून म्हटलं, विम्याचं माझ्याकडे दे. वर्षातून एकदा हप्ता भरायचा, एवढंच काम. पैसे खात्यात वेगळे काढून ठेवले होते. फोनवर रोज सकाळी ९ची आठवण लावली होती. ९ला ती वाजायची तेव्हा मी घराबाहेर पडायच्या घाईत असायचे. 'पोचल्यावर भरते' म्हणून बंद करायचे, आणि पोचेपर्यंत ती गोष्ट डोक्यातून पुसली गेलेली असायची. दुसऱ्या दिवशी ९ला पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले.

मुदत संपायच्या आधीच्या रविवारी मी दुसरं काही हातात न घेता फक्त त्यासाठी बसले. पासवर्ड आठवेना. तो एका वहीत लिहिलेला, वही कपाटात. कपाट उघडलं तर वरच्या खणात बाबांच्या तपासण्यांचे कागद कसेही कोंबलेले. गरज पडली तर यातून काय सापडणार, असं वाटलं आणि मी ते लावायला घेतले. साडेतीन तास जमिनीवर बसून दहा वर्षांचे रिपोर्ट तारखेवार लावले, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवली. उठले तेव्हा अंधार पडला होता आणि खूप काही हातावेगळं केल्याचं समाधान होतं. हप्ता भरायचा राहिला तो राहिलाच. पुढे सवलतीचे दिवसही गेले. कंपनीचे ईमेल आलेले दिसत होते, पण उघडायची छाती होईना. न उघडलेला ईमेल रोज अंगावर येतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

सात आठवड्यांनी बाबांच्या छातीत दुखू लागलं. दोन स्टेंट टाकावे लागले. पैसे भरायच्या खिडकीवर कळलं की विमा बंद पडला आहे. ताईने स्वतःच्या ठेवी मोडल्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, 'तुला काळजी असती तर तू विसरली नसतीस.'

मी काही बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. पुढची दोन वर्षं मी स्वतःबद्दल तेच धरून चालले, की आपल्यात माया कमी आहे. लहानपणापासून वेंधळी, धांदरट, आरंभशूर हे शब्द सवयीचे झाले होते, त्यांनी फार दुखत नव्हतं. हा शब्द नवा होता.

निदान झालं ३८व्या वर्षी, तेही मी त्यासाठी गेलेच नव्हते. झोप लागेना, उगाच रडू येई, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते. पुष्कळ बायका नैराश्य किंवा चिंतेच्या दारानेच तिथे पोचतात. डॉक्टरांनी दोन भेटींत नुसतं ऐकून घेतलं. रक्ततपासणी करून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिलं. मग म्हणाले, शाळेतली प्रगतिपुस्तकं असतील तर आणा, आणि लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणीतरी सोबत आणा. २०१३च्या डीएसएम-५ प्रमाणे, म्हणजे मानसिक विकारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तिकेप्रमाणे, मोठ्या माणसात पाच लक्षणं पुरतात, पण त्यातली काही वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून असावी लागतात. त्याआधी ही अट ७ वर्षांची होती. सातव्या वर्षी गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या हुशार मुलीबद्दल कोण काय लिहून ठेवणार?

पण लिहिलेलं होतं. बाबा आले, पिशवीत दहाही प्रगतिपुस्तकं घेऊन. दरवर्षीच्या शेऱ्यात अक्षर वेगळं, मजकूर एकच: 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' चौथीत 'वह्या अपूर्ण', सहावीत 'स्वतःच्याच विचारात असते'. मार्क चांगले होते म्हणून पुढे कुणी विचारलं नाही. वर्ग डोक्यावर घेणाऱ्या मुलाची तक्रार घरी जाते, तंद्री लागलेल्या मुलीची जात नाही. त्याच डीएसएम-५ मध्ये मुलगे आणि मुली यांचं प्रमाण लहानपणी सुमारे २ ला १ दिलं आहे, मोठेपणी १.६ ला १. लहानपणी मोजणीत न आलेल्या त्या बायका तेव्हा कुठे होत्या? त्या शेरे वाचून मान खाली घालत होत्या.

आता तुमच्या आईचं वाक्य. त्यात काळजी आणि आठवण एकाच खुंटीला टांगल्या आहेत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता भरायचा आहे हे मला एक दिवसही माहीत नव्हतं असं नाही. जे माहीत आहे ते नेमक्या क्षणी हातून होणं, मधे दुसरं काही आलं तरी पहिलं धरून ठेवणं, अजून किती वेळ उरलाय याचा अंदाज असणं, हे काम मेंदूच्या ज्या यंत्रणेचं आहे तिथे आपली अडचण आहे. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आले: काय करावं हे न कळणं हा हा विकार नव्हेच, कळलेलं वेळेवर करता न येणं हा आहे. माया किती आहे याचं माप त्यातून निघत नाही.

'मग ऑफिसातलं कसं विसरत नाहीस?' हाही प्रश्न तुम्हाला येईल. ताईने विचारला होता. ऑफिसात काम आजच्या आज हवं असतं, कुणीतरी डोक्यावर उभं असतं, चूक लगेच दिसते. तिथे निकड माझ्यासाठी बाहेरून तयार होऊन येते. वर्षातून एकदा, शांतपणे, कुणी न विचारता करायच्या कामात ती नसते. 'मनावर घेतलं की जमतं तुला' हे म्हणूनच मला पटत नाही. मनावर घेतलेलंच तर राहून जातं.

तर सांगावं का? सांगा. नवऱ्याला अर्धवट ठेवू नका, आजच पूर्ण सांगा. लपवायला जी ताकद लागते ती तुमच्याकडे शिल्लक नाही. पण विकाराचं नाव घेऊन सुरुवात करू नका. मी ताईला भलामोठा मेसेज पाठवला होता, खाली चार लेखांच्या लिंक. तिचं उत्तर आलं, 'हे सगळ्यांनाच थोडंफार असतं.' वर्षभर मी तिच्याशी त्यावर बोलले नाही. मग एकदा प्रगतिपुस्तकं घेऊन गेले आणि तिच्यासमोर ठेवली. तिने दहाही वाचली. बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'ठीक आहे. पण तेव्हा मी एकटी होते, त्याचं काय?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. तिचे पैसे मी चार वर्षांत फेडले. हप्ता आता खात्यातून आपोआप जातो आणि गेल्याचा मेसेज तिलाही जातो. त्या रात्रीची तिची धावपळ मात्र निदानाने भरून निघत नाही. म्हणून तुम्हीही ते माफीऐवजी पुढे करू नका. आधी झालेल्या नुकसानाबद्दल बोला, मग कारण.

आईला सांगताना एक लक्षात घ्या. जुळ्यांच्या अभ्यासांत यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. तुमचं ऐकताना आईला स्वतःचं आयुष्य दिसू शकतं, आणि कधीकधी चिडण्याचं कारण तेच असतं. माझ्या बाबांनी त्या दिवशी डॉक्टरांचे प्रश्न ऐकून अर्ध्यातच म्हटलं होतं, 'हे तर माझंही आहे.'

आणि हो, 'सांगा' म्हटलं ते जिथे भांडणात त्याचं हत्यार होणार नाही अशा घरापुरतं. मुलांचा ताबा, पैशांचे व्यवहार, यांत कुणी तुमच्या निदानाचा पुरावा करील अशी शंका असेल तर थांबा. नोकरीच्या ठिकाणीही घाई नको.

औषधाचं. जन्मभराचा करार नसतो. मेथिलफेनिडेट या औषधाचा असर काही तासांचा, तो त्याच दिवशी उतरतो. अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. कोणतं, किती, कधी थांबवायचं हे डॉक्टरांसोबत ठरतं आणि पुन्हा पुन्हा तपासलं जातं. मी मेथिलफेनिडेट घेते. दुपारची भूक जाते, म्हणून सकाळी पोटभर खाऊन घेते. नाडी आणि रक्तदाब नेमाने बघावे लागतात. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: पाळीच्या आधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं तेव्हा आपल्यातल्या अनेकींचं लक्ष फार विस्कटतं. तीन महिने तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या आईशी बोलाल तेव्हा तुम्ही न विसरलेल्या गोष्टीही मांडा, त्या कुणी मोजत नाही. बाबांना नेलं त्या रात्री हृदयरोगतज्ज्ञांनी जुना ईसीजी मागितला, आताच्याशी ताडून बघायला. मी घरी धावले आणि कपाट उघडून मिनिटभरात तो काढला, कारण त्या रविवारी मीच ते सगळे कागद तारखेवार लावले होते. तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला तेव्हा ताई शेजारीच उभी होती. तिला हे आठवत नाही. पुढच्या वेळी भेटले की तिला त्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवणार आहे.